‘लैला’ लिहिलं पॅटीसाठी, वाजलं ड्वेनमुळे

प्रश्न असा आहे: इंग्लिश गिटारवादक एरिक क्लॅप्टनचं ‘लैला’ हे गाणं त्यानं मित्राच्या, म्हणजे बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या, बायकोवर लिहिलं एवढं सगळ्यांना माहीत असतं. मग अर्ध्यातून तो पियानो कुठून येतो? एकाच गाण्यात दोन गाणी असल्यासारखं का वाटतं? आणि या मंडळींचं पुढे काय झालं?

एकात दोन गाणी असल्यासारखं वाटतं, कारण ती खरोखरच दोन आहेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या माणसांच्या डोक्यातून आली आणि टेप जोडून एक केली गेली. उरलेल्या प्रश्नांचं उत्तर लांबलचक आहे, कारण ‘मित्राच्या बायकोवर प्रेम’ ही गोष्ट खरी असली तरी तिच्यामुळे हे गाणं असं वाजत नाही. मी बरीच वर्षं गिटार शिकवतो आणि बँडमध्ये वाजवतो. ज्या विद्यार्थ्याला फक्त प्रेमकहाणी ठाऊक असते तो रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, वाजवतो आणि थांबतो. खोलीत कोण कोण बसलं होतं हे कळलं की मग तो नीट ऐकायला लागतो.

मैत्रीपासून सुरुवात करतो, कारण प्रेमाच्या आधी मैत्री होती. १९६४ च्या डिसेंबरात लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बीटल्सचे नाताळचे कार्यक्रम चालू होते. त्यात यार्डबर्ड्स नावाचा तरुण बँडही होता आणि त्यात क्लॅप्टन गिटार वाजवायचा. तिथे दोघांची ओळख झाली. पुढे सप्टेंबर १९६८ मध्ये हॅरिसननं त्याला बीटल्सच्या एका रेकॉर्डिंगला सोबत नेलं. ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ या हॅरिसनच्या गाण्यातला लीड क्लॅप्टनचा आहे, पण तबकडीवर त्याचं नाव नाही. हॅरिसनच म्हणायचा की पाहुणा खोलीत आल्यावर बाकीचे तिघे जरा नीट वागायला लागले. लेनन-मॅकार्टनी या जोडीच्या सावलीत त्याची गाणी कायम मागे पडायची, त्यामुळे बाहेरच्या एका मोठ्या वादकानं त्याला बरोबरीचं मानणं ही त्याच्यासाठी लहान गोष्ट नव्हती. १९६९ च्या एप्रिलमध्ये बीटल्सच्या कंपनीच्या बैठकीला दांडी मारून तो क्लॅप्टनच्या घरी गेला आणि त्याच्या बागेत, त्याचीच गिटार घेऊन, ‘हिअर कम्स द सन’ लिहायला बसला. एकाच्या बागेत दुसऱ्यानं गाणं लिहावं इतकी ही सलगी होती. त्याच घरात क्लॅप्टनच्या मनात मित्राच्या बायकोचा विचार घोळत होता.

पॅटी बॉइड ही त्या काळातली लंडनची नावाजलेली मॉडेल. १९६४ मध्ये बीटल्सच्या पहिल्या चित्रपटात तिला शाळकरी मुलीची छोटी भूमिका मिळाली आणि तिथे जॉर्ज भेटला. २१ जानेवारी १९६६ ला त्यांचं लग्न झालं. त्याच वर्षी सप्टेंबरात दोघं मुंबईला आली. पंडित रविशंकरांकडे सतार शिकायची म्हणून खोटं नाव सांगून ताजमध्ये उतरली, पण बातमी फुटायला वेळ लागला नाही. हॉटेलबाहेर गर्दी जमली, पत्रकारांशी बोलावं लागलं आणि अखेर मंडळी काश्मीरला हाउसबोटीवर गेली. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज परत मुंबईत आला तो एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण करायला. हा मुंबईचा भाग मी मुद्दाम सांगतोय. भारत हा त्या लग्नात आधी जोडणारा धागा होता. ध्यानधारणेचा वर्ग आधी पॅटीनं लावला, जॉर्ज नंतर आला. पुढे मात्र तो त्या वाटेनं इतका आत गेला की घरात बायको आहे याचंच भान सुटलं. १९७० मध्ये ती दोघं हेन्लीजवळच्या फ्रायर पार्क या अवाढव्य वाड्यात राहायला गेली. कृष्णभक्तांची कुटुंबंही तिथे राहायला आली. जप, बागकाम, स्टुडिओ, आणि मधूनच इतर बायकांची प्रकरणं, असा जॉर्जचा दिनक्रम. हे पॅटीनं स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. एकीकडे वैराग्य आणि दुसरीकडे बाहेरख्यालीपणा हे मिश्रण आपल्याकडेही अनोळखी नाही!

या पोकळीत क्लॅप्टन शिरला. आता यातला एक कमी सांगितला जाणारा भाग. पॅटीला पाउला नावाची धाकटी बहीण होती आणि क्लॅप्टन काही काळ तिच्यासोबत राहत होता. मोठी मिळत नाही म्हणून धाकटी, असा तो सरळसरळ मामला होता. ‘लैला’ कानावर पडल्यावर पाउलाला कळलं की हे गाणं आपल्यावर नाही, ताईवर आहे, आणि ती निघून गेली. या गाण्यानं घायाळ झालेल्यांची यादी केली तर पहिलं नाव हिचं. हिच्यावर कुणी गाणं लिहिलं नाही.

नाव कुठून आलं? इयन डॅलस नावाचा एक स्कॉटिश नाटककार क्लॅप्टनच्या ओळखीचा होता. त्यानं इस्लाम स्वीकारला होता आणि पुढे तो सूफी गुरू म्हणून ओळखला गेला. त्यानं क्लॅप्टनला निजामी गंजवी या बाराव्या शतकातल्या फारसी कवीचं ‘लैला-मजनू’ वाचायला दिलं. आपल्याला ही जोडी शाळेच्या कट्ट्यापासून माहीत असते, रस्त्यावरच्या आशिकाला आपण मजनू म्हणतो. सरेमधल्या रिप्ली गावात वाढलेल्या इंग्रज पोराला ती नवी होती. त्याच अल्बममधल्या ‘आय अ‍ॅम युअर्स’ या दुसऱ्या गाण्यात तर निजामीचे शब्दच घेतलेत आणि सहगीतकार म्हणून निजामीचं नाव छापलंय. बाराव्या शतकातला कवी रॉक अल्बमच्या लेबलावर! मला हे फार आवडतं.

पण निजामीचं काव्य जरा नीट वाचलं तर वेगळीच गंमत दिसते. मजनूचं दुर्दैव नुसतं एवढंच नाही की लैला दुसऱ्याला दिली जाते. तो तिचं नाव घेऊन गल्लोगल्ली गात सुटतो, म्हणून तिची बदनामी होते, म्हणून तिचा बाप स्थळ नाकारतो. गाणं हेच त्याच्या वाटेतला धोंडा होतं. क्लॅप्टननं नेमकं तेच केलं. पॅटी लिहिते की लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या एका फ्लॅटवर त्यानं तिला टेप ऐकवली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. इतकं जबरदस्त गाणं तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि तरी मनात पहिला विचार आला तो हा की आता सगळ्यांना कळणार हे माझ्याबद्दल आहे. निजामीची लैलाही स्वतः कविता रचते, हेही लोक विसरतात. पॅटीनं स्वतःची बाजू पुस्तकातून मांडली ती २००७ मध्ये.

आता मायामीला जाऊ, कारण खरं गाणं तिथे घडलं.

१९७० मध्ये क्लॅप्टन स्वतःच्या प्रसिद्धीला कंटाळला होता. भिंतींवर ‘क्लॅप्टन देव आहे’ असं लिहिलं जायचं आणि त्याला ते पेलत नव्हतं. डेलनी आणि बॉनी या अमेरिकन जोडप्याच्या बँडमधले तिघे त्यानं सोबत घेतले: बॉबी व्हिटलॉक कीबोर्डवर, कार्ल रेडल बेसवर, जिम गॉर्डन ड्रम्सवर. हेच चौघे त्या उन्हाळ्यात जॉर्जच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बमवर वाजवत होते. म्हणजे ज्याच्या बायकोसाठी गाणं लिहिलं जाणार होतं त्याच्याच अल्बमवर वाजवताना हा बँड एकजीव झाला. नाव ठेवलं ‘डेरेक अँड द डॉमिनोज’, क्लॅप्टनचं नाव कुठे दिसू नये म्हणून.

ऑगस्टअखेर ते मायामीच्या क्रायटिरिया स्टुडिओत पोहोचले. निर्माता टॉम डाउड. गाणी होती, वादक उत्तम होते, पण सुरुवातीचे दिवस निव्वळ जॅम करण्यात, म्हणजे काही न ठरवता सोबत वाजवण्यात, गेले. क्लॅप्टनकडे ‘लैला’ होतं ते संथ चालीचं, बॅलडसारखं. त्याच सुमारास डाउड ऑलमन ब्रदर्स बँडबरोबरही काम करत होता आणि त्यांचा कार्यक्रम मायामीतच होता. २६ ऑगस्टला डाउड सगळ्यांना घेऊन तिथे गेला. ही मंडळी रंगमंचासमोर खाली बसली. त्यांचा गिटारवादक ड्वेन ऑलमन डोळे मिटून सोलो वाजवत होता. डोळे उघडले तर समोर क्लॅप्टन. ड्वेनचा हात जागीच थांबला. सोबतचा डिकी बेट्स याला वाटलं तार तुटली असावी, म्हणून त्यानं सोलो पुढे नेला, आणि मग त्यालाही खाली कोण बसलंय ते दिसलं तेव्हा त्यानं प्रेक्षकांकडे पाठच केली. हा किस्सा डाउड सांगायचा.

कार्यक्रम संपल्यावर सगळे स्टुडिओत आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाजवत राहिले. ड्वेन तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि स्लाइडसाठी, म्हणजे तारेवरून काच सरकवत सूर काढण्यासाठी, सर्दीच्या गोळ्यांची काचेची रिकामी बाटली बोटात घालायचा. क्लॅप्टननं त्याला गायक विल्सन पिकेटच्या तबकडीवर आधीच ऐकलं होतं आणि तो कोण याची चौकशीही केली होती. पुढे क्लॅप्टननं लिहिलं की मला कधी नव्हता तो संगीतातला भाऊ मला तेव्हा मिळाला. यामागे एक ठसठस आहे. क्लॅप्टनला आजी-आजोबांनी आई-वडील म्हणून वाढवलं होतं आणि जिला तो मोठी बहीण समजत होता ती त्याची आई निघाली. नात्यांची नावंच खोटी निघालेल्या माणसाला ‘भाऊ’ मिळणं म्हणजे काय, ते त्या टेपवर ऐकू येतं.

रिफ ड्वेनची. ब्लूज गायक अल्बर्ट किंगचं ‘अ‍ॅज द इयर्स गो पासिंग बाय’ नावाचं संथ गाणं आहे. त्याची सुरुवातीची गायलेली ओळ ड्वेननं उचलली आणि वेग कितीतरी वाढवला. मूळ ओळीत हताश माणूस बोलतोय. वेग वाढवल्यावर तोच माणूस दार ठोठावतोय असं वाटतं. पेटीवर वाजवून बघायचं असेल तर काळी-पांढरीचा विचार बाजूला ठेवा, डी हा षड्ज धरा: मंद्र प, कोमल नी, सा, कोमल ग, सा, कोमल नी, सा. आपल्या धानी रागाचे सूर. सात सुरांचा तुकडा, दोन मिनिटांत बोटात बसतो. पण एका गिटारवर वाजवला की पोकळ लागतो आणि विद्यार्थी हिरमुसतात. कारण मूळ रेकॉर्डिंगमध्ये गिटारचे सहा ट्रॅक एकमेकांवर रचलेत. डाउडनं केलेला हिशेब असा: एकावर क्लॅप्टनची रिदम, तीन ट्रॅकवर क्लॅप्टन स्वतःच्याच रिफला हार्मनी देतोय, एकावर ड्वेनची स्लाइड, आणि एकावर दोघं मिळून समांतर धून वाजवतायत. अ‍ॅम्प म्हणाल तर फेंडर चॅम्प, टेबलावर मावेल एवढे. आवाज प्रचंड वाटतो तो थरांमुळे. आमच्याकडे पोरं भिंतीएवढे अ‍ॅम्प लावून ‘लैला’ वाजवू बघतात, आणि शेजारी तक्रार करतात तेवढीच मिळकत.

दुसरी खुबी कडव्यात आहे. रिफ आणि ध्रुवपद डी मायनरमध्ये, पण कडवं सुरू होताना षड्ज अर्धा सूर खाली, सी शार्प मायनरमध्ये घसरतो. मधे पायरी नाही, सरळ खड्डा. गायक खाली उतरून समजावणीच्या सुरात बोलतो, आणि ध्रुवपद आलं की रिफची ती ‘प-नी-सा’ उचल त्याला धरून वर खेचते. मग तो ओरडतो. म्हणून दर वेळी ते नाव नव्यानं फुटल्यासारखं वाटतं. क्लॅप्टनचा आवाज तिथे ताणला जातो, जवळजवळ चिरतो. तो गाता गळा नव्हताच, पण इथे ते पथ्यावर पडलंय. व्हिटलॉक सोबत गातो, तोही ओरडूनच.

या सगळ्यात पॅटी कुठे आहे? शब्दांत आहे. पण जी ऊर्जा आपल्याला खुर्चीतून उठवते ती दोन गिटारवाल्यांच्या भेटीची आहे. समोर तोडीस तोड माणूस बसला की वादक काय करतो, हे आपल्या जुगलबंदी ऐकणाऱ्या कानांना वेगळं सांगायला नको. त्याच सत्रांत गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं ‘लिटल विंग’ही त्यांनी आदरांजली म्हणून वाजवलं, आणि काही दिवसांतच, १८ सप्टेंबरला, हेंड्रिक्स गेला.

आणि आता पियानो.

गाण्याचा पहिला भाग ९ सप्टेंबरला झाला. शेवट कसा करायचा ते ठरत नव्हतं. जिम गॉर्डन मधल्या रिकाम्या वेळात स्टुडिओतल्या पियानोवर एक धून वाजवत बसायचा. ती क्लॅप्टनच्या कानावर पडली आणि त्यानं ती मागून घेतली. काही आठवड्यांनी ती रेकॉर्ड करून पहिल्या भागाला जोडली. व्हिटलॉकनंही एक पियानो ट्रॅक वाजवला आणि मिश्रणात दोन्ही आहेत. त्यावर ड्वेनची स्लाइड तरंगते, आणि अगदी शेवटी पक्ष्यासारखी चिवचिव ऐकू येते तीही त्याचीच, फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबायची पट्टी, संपल्यावरच्या तारेवर काचेची बाटली फिरवून काढलेली. गीतकार म्हणून नावं छापली क्लॅप्टन आणि गॉर्डन यांची.

इथे एक नाव गाळलं गेलं. गायिका रिटा कूलिज त्याआधी गॉर्डनची प्रेयसी होती. ती सांगते की ती धून त्या दोघांनी मिळून केलेल्या ‘टाइम’ नावाच्या गाण्यातली आहे. लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत तिनं ते क्लॅप्टनला पियानोवर वाजवून दाखवलं होतं आणि कॅसेटही ठेवली होती. नंतर तबकडीवर ते ऐकून ती उडालीच. क्लॅप्टनचा मॅनेजर रॉबर्ट स्टिगवुडकडे दाद मागितली तर तू एक गाणारी बाई, तू काय करणार, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. व्हिटलॉकनंही नंतर जाहीरपणे सांगितलं की धून रिटाची होती. पुरावा कानांनी तपासता येतो: रिटाची बहीण प्रिसिला आणि तिचा नवरा बुकर टी. जोन्स यांनी ‘टाइम’ हे गाणं १९७३ मध्ये रेकॉर्ड केलंय. मी ते ऐकलंय आणि माझ्या मनात शंका उरलेली नाही. व्यवसायात बायकांच्या नावाचं असं होणं नवीन नाही. पण एका बाईचं नाव शीर्षकात मिरवणाऱ्या गाण्यानं दुसऱ्या बाईचं नाव लेबलावरून गाळावं, हे मला तरी पचत नाही.

रिटा आणि गॉर्डनचं पुढे काय झालं? १९७० च्या गायक जो कॉकरच्या दौऱ्यात हॉटेलच्या व्हरांड्यात गॉर्डननं तिला इतक्या जोरात मारलं की ती शुद्ध हरपून पडली. तिथेच ते नातं संपलं. म्हणजे ‘लैला’ रेकॉर्ड होत होतं तेव्हा ती धून एका तुटलेल्या नात्याची शिल्लक होती. पहिल्या भागात न मिळालेल्या बाईसाठी आक्रोश, दुसऱ्यात गमावलेल्या बाईची शांत, गोड धून. ऐकणाऱ्याला वाटतं वादळानंतर शांतता आली. त्या शांततेमागची हकिगत वादळापेक्षा भयंकर आहे. गॉर्डनला स्किझोफ्रेनिया होता, तो वेळेवर ओळखला गेला नाही, आणि जून १९८३ मध्ये त्यानं स्वतःच्या आईचा खून केला. उरलेलं आयुष्य कैदेत गेलं आणि मार्च २०२३ मध्ये तो तिथेच वारला. त्याच्यासारखा ड्रमर पिढीत एखादाच होतो, हेही तितकंच खरं.

आता इंग्लंडला परत. ज्या दिवशी पॅटीनं गाणं ऐकलं त्याच रात्री स्टिगवुडच्या घरी पार्टी होती. पहाटेच्या सुमारास जॉर्ज तिथे आला तेव्हा बागेत पॅटी आणि क्लॅप्टन बोलत उभे. जॉर्जनं विचारलं काय चाललंय, आणि क्लॅप्टननं सांगून टाकलं, मी तुझ्या बायकोच्या प्रेमात आहे. जॉर्जनं पॅटीला विचारलं, तू कुणाबरोबर येणार? ती नवऱ्याबरोबर घरी गेली. त्यानंतर क्लॅप्टननं तिला हेरॉइनची पुडी दाखवली आणि सांगितलं की तू आली नाहीस तर मी हे घेईन. आली नाही, आणि त्यानं घेतलं. जवळजवळ तीन वर्षं तो घरात कोंडून राहिला. याला उत्कट प्रेम म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. ही धमकी होती आणि तिचं ओझं पॅटीवर टाकलं गेलं, यावर तिचं पुस्तक वाचल्यावर तरी दुमत होऊ नये.

गाणं? आपटलं. अल्बम नोव्हेंबर १९७० मध्ये आला आणि डेरेक म्हणजे कोण हेच लोकांना कळेना. कंपनीला ‘डेरेक म्हणजेच एरिक’ असे बिल्ले वाटावे लागले. पहिल्या सिंगलवर तर पियानोचा भाग छाटून टाकला होता. २९ ऑक्टोबर १९७१ ला ड्वेन मोटारसायकलच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा. बँडचा दुसरा अल्बम भांडणात मोडला. मग १९७२ मध्ये सात मिनिटांचं पूर्ण गाणं सिंगल म्हणून निघालं तेव्हा कुठे ते अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या दहात आलं. तोपर्यंत ज्याच्यामुळे ते तसं वाजलं तो माणूस नव्हता, आणि ज्याचं ते होतं तो शुद्धीत नव्हता.

पुढचं भराभर सांगतो. पॅटीनं १९७४ मध्ये जॉर्जला सोडलं, १९७७ मध्ये घटस्फोट झाला, २७ मार्च १९७९ ला अ‍ॅरिझोनात क्लॅप्टनशी लग्न झालं. मे महिन्यात क्लॅप्टनच्या घरी मेजवानी झाली तेव्हा जॉर्ज हजर होता आणि त्यानं मॅकार्टनी, रिंगो यांच्याबरोबर वाजवलंही. स्वतःला तो गमतीनं क्लॅप्टनचा ‘नवरेभाऊ’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणवून घ्यायचा. लैला मिळाल्यावर मजनूचं काय होतं हे निजामीनं लिहिलेलं नाही. इथे मात्र उत्तर मिळालं. हेरॉइन सुटलं होतं, पण दारू आली, इतर बायका आल्या, दोन मुलं झाली ती दुसऱ्या दोघींपासून. पॅटीला स्वतःला मूल हवं होतं आणि ते झालं नाही. १९८९ मध्ये हेही लग्न संपलं. दोन मित्रांची मैत्री मात्र दोन्ही लग्नांहून टिकाऊ निघाली. १९९१ मध्ये दोघांनी जपानचा दौरा एकत्र केला, आणि जॉर्ज गेल्यानंतर बरोबर एका वर्षानं, २९ नोव्हेंबर २००२ ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मृतीचा कार्यक्रम झाला त्याची संगीताची सूत्रं क्लॅप्टनकडे होती.

अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या सोनेरी केसांच्या बाईचीही एक बारीक गोष्ट आहे. ते चित्र क्लॅप्टननं फ्रान्समध्ये एका घरात पाहिलं. चित्रकार फ्रान्ड्सेन, आणि चित्रातली बाई पॅटी नाही, पण क्लॅप्टनला ती पॅटीसारखी वाटली. पुढे ते चित्र जॉर्जकडून पॅटीकडे आलं. २०२४ मध्ये तिनं ते आणि दोघांची पत्रं लिलावात काढली. एकट्या चित्राला जवळपास वीस लाख पौंड आले. मला वाटतं, ठीक केलं तिनं.

शिकणाऱ्यांसाठी थोडं. १९९२ च्या ‘अनप्लग्ड’, म्हणजे विजेच्या गिटारविना केलेल्या, कार्यक्रमातली ‘लैला’ अनेकांना आधी भेटते. ती वेगळीच गोष्ट आहे: वेग कमी, सूर खाली, पियानोचा दुसरा भाग नाहीच. पंचेचाळीसच्या पुढचा माणूस जुन्या वेडाकडे खुर्चीत बसून बघतोय. तिला ग्रॅमीही मिळालं. बोटांना सोपी म्हणून तिथून सुरुवात करायला हरकत नाही. गंमत अशी की क्लॅप्टननं मायामीला नेलेलं मूळ गाणंही संथच होतं. बावीस वर्षांनी ते ड्वेनशिवाय परत संथ झालं. मूळ रेकॉर्डिंग ऐकताना हेडफोन लावा आणि पहिल्या भागाच्या शेवटी फक्त स्लाइडचा पाठलाग करा, बाकी सगळं सोडून.

पियानोचा भाग शिकायचा असेल तर एक सूचना. तो सी मेजरमध्ये वाजवलाय, पण मिश्रण करताना टेपचा वेग वाढवला, त्यामुळे तबकडीवर तो सी आणि सी शार्पच्या मधे कुठेतरी लागतो. कीबोर्ड घेऊन सोबत वाजवायला बसलात आणि काही केल्या सूर जुळेना, तर कानाला दोष देऊ नका. कीबोर्डच्या ट्यूनिंगचं बटण शोधा आणि जुळेपर्यंत थोडं थोडं चढवत न्या.